पटावर सात

शिवसागर जलाशयाच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या मुख्य धारेला टेकून कांदाटी नदीचं खोरं आहे. महाबळेश्वरचे पर्यटक तापोळ्यापर्यंत उतरतात, बोटीतून तासभर फिरतात, स्ट्रॉबेरी घेतात आणि वर परततात. समोरच्या उतारांवर, झाडीत दडलेल्या वाड्यांमध्ये माणसं राहतात आणि जिल्हा परिषदेच्या शाळाही भरतात, हे त्यांतल्या कितीजणांच्या ध्यानात येत असेल? अशाच एका शाळेवर डी.एड.ला माझ्याबरोबर असलेले एक सर आहेत. साताऱ्यात भेट झाली की म्हणायचे, "मॅडम, तुमच्या एका वर्गात साठ पोरं आणि माझ्या अख्ख्या शाळेत सात. एकदा येऊन बघा." यंदा डिसेंबरात आमच्या शाळेचं स्नेहसंमेलन आटोपलं, हक्काची रजा शिल्लक होती, मी निघाले.

साताऱ्याहून बामणोलीची एसटी कासवरून जाते. फुलांचा हंगाम संपलेला, पठारभर वाळकं पिवळं गवत. उतरण लागली की वळणावळणावर पाणी दिसायला लागतं. बामणोलीच्या धक्क्यावर लाँच उभीच होती. पेंडीचं पोतं घेतलेले एक म्हातारे बाबा, बाळंतिणीला दवाखान्यातून घरी नेणारी सासू, गॅसच्या दोन टाक्या आणि मी. बाजार, दवाखाना, तहसील, पोस्ट, सगळं या लाँचवर अवलंबून. गाड्या न्यायच्या तर तराफा. धुकं विरत गेलं तसे दोन्ही बाजूंचे डोंगर वर आले. कोयना, सोळशी आणि कांदाटीचं पाणी जिथं एक होतं त्या बाजूला बोट दाखवून बाबा म्हणाले, "हितं खाली आमचं शेत हाय. भाताचं. चांगलं चार खंडी पिकायचं, असं वडील सांगायचं."

'हाय' म्हणाले ते. 'होतं' नाही म्हणाले.

महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावणारी कोयना दक्षिणेकडे वाहत जाते आणि हेळवाकजवळ पूर्वेला वळते. त्या वळणाच्या अलीकडे, आजच्या कोयनानगरला, १०३ मीटर उंचीचं धरण झालं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पाणी चढू लागलं आणि मागे सुमारे पन्नास किलोमीटर लांबीचा जलाशय पसरला. शंभराच्या आसपास गावं उठली. कुणी सांगलीला गेलं, कुणी सोलापूरला, कुणी रायगड, ठाण्याला. ज्यांची घरं वरच्या अंगाला होती ते डोंगरात आणखी वर सरकले. नदीकाठची काळी जमीन पाण्याखाली गेली, वाट्याला आले ते उतार. त्यावर नाचणी, वरी आणि वरकस भात. सुपीक तळ गेला आणि माथे राहिले, एवढं ध्यानात घेतलं की या खोऱ्यात माणसं कमी का, मुलं कमी का आणि शाळेचा पट सातावर का, याचा उलगडा व्हायला लागतो.

लाँचने आम्हाला एका उघड्या तांबड्या पट्ट्यावर उतरवलं. पावसाळ्यानंतर पाणी हळूहळू खाली जातं आणि काठाची ही माती मोकळी होते. उन्हाळ्याकडे आणखी उतरलं की गाळपेर करतात. सर न्यायला आले होते. बरोबर चौथीतला एक मुलगा आणि एक मुलगी. मुलीनं माझ्या हातातली पुस्तकांची पिशवी मागून घेतली आणि मी काही म्हणायच्या आत डोक्यावर ठेवून चालायला लागली. पिशवी चांगली जड होती.

शाळेच्या दोन खोल्या, पुढं पडवी, पत्र्याचं छप्पर. पावसाळ्यात इथं पत्र्यावर इतका पाऊस वाजतो की शेजारी बसलेल्याचंही ऐकू येत नाही. तेव्हा सर फळ्यावर लिहून आणि खुणांनी शिकवतात. वर महाबळेश्वरला वर्षाला पाच-साडेपाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, तोच इथंही पडतो. डिसेंबरात मात्र पडवीत कोवळं ऊन होतं आणि परिपाठासाठी मुलं ओळीत उभी होती. पहिलीत दोघं, दुसरीत एक, तिसरीत दोघी, चौथीत दोघं. पहिलीतला एक आणि तिसरीतली एक ही भावंडं वरच्या गवळी धनगरांच्या वाड्यावरून येतात. वाट रानातून आहे. गवे असतात, अस्वल असतं. म्हणून त्यांचे वडील रोज म्हशी सोडायच्या आधी त्यांना आणून सोडतात आणि दुपारी न्यायला येतात.

मी इतकी वर्षं शिकवते आहे, पण बहुवर्ग अध्यापन म्हणून जे पुस्तकात वाचलं होतं ते इथं पहिल्यांदा पूर्ण अर्थानं पाहिलं. शनिवार होता, सकाळची शाळा. सर म्हणाले, "आज पाण्याची वही." सातही जण उठले. शाळेखाली उतारावर एक जुनं जांभळाचं झाड आहे. त्याच्या बुंध्यापासून पाण्याच्या कडेपर्यंतचं अंतर मुलं दर शनिवारी मोजतात. सुतळीची लांब दोरी, मीटरमीटरवर गाठ, दर दहाव्या गाठीला लाल चिंधी. दुसरीतल्या एकट्या मुलानं बुंध्याशी टोक धरलं, चौथीतला मुलगा दुसरं टोक घेऊन खाली धावला, बाकीच्यांनी मोठ्यानं गाठी मोजल्या. सव्वीस भरल्या. गेल्या शनिवारी तेवीस होत्या.

मग सगळे पडवीत आले आणि एकाच आकड्यावर चार वर्ग कामाला लागले. पहिलीनं २६ लिहायचा. दुसरीनं दशक-एकक मांडायचे. तिसरीनं गेल्या आठवड्याचा आकडा वजा करायचा आणि महिन्याचा तक्ता पुढं न्यायचा. चौथीनं दोन ओळी लिहायच्या, पाणी या आठवड्यात जास्त का उतरलं असेल. पहिलीतल्या धनगराच्या मुलानं ६२ लिहिले. मराठीत सहा आधी ऐकू येतात, त्यामुळे ही उलटापालट पहिलीत सगळीकडेच होते आणि साठांच्या वर्गात आम्ही ती लाल शाईनं दुरुस्त करून पुढं जातो. इथं त्याच्या थोरल्या बहिणीनं पाटी खाली ठेवायला लावली, दोरी मांडीवर ओढली आणि त्याचा हात धरून लाल चिंध्यांवर ठेवला. "ही एक दहा. ही दुसरी. आता सुट्ट्या मोज." त्यानं सहा गाठी चिमटीत धरून मोजल्या. पुन्हा पाटी घेतली. आधी दोन लिहिला, बहिणीकडं बघितलं, मग सहा. ती काही बोलली नाही, आपल्या वजाबाकीकडं वळली. सर त्या वेळी चौथीजवळ बसले होते. त्यांनी हे बघितलं आणि तिथंच बसून राहिले. त्यांचं ते न उठणं हा त्या सकाळचा सगळ्यात चांगला पाठ होता असं मला वाटतं. बहिणीची स्थानिक किंमत त्या दिवशी भावापेक्षा जास्त पक्की झाली असणार.

चौथीतल्या मुलानं लिहिलं होतं, 'पाऊस नाही आणि वीज करायला पाणी सोडतात म्हणून पाणी उतरले.' वाचून दाखवल्यावर त्यानं मला विचारलं, "बाई, वीज केल्यावर पाणी परत हितं येतं का?"

सर माझ्याकडं बघत होते, तेव्हा उत्तर मीच दिलं. फरशीवर खडूनं सह्याद्रीची धार काढली. या अंगाला कोयना, ती कऱ्हाडला कृष्णेला मिळते आणि कृष्णा पार पूर्वेच्या समुद्राला. धरण नसतं तर इथलं सगळं पाणी तिकडं गेलं असतं. पण वीज करायची तर पाणी उंचावरून पडायला हवं आणि तशी उंची पश्चिमेला, कोकणाच्या अंगाला. म्हणून डोंगर पोखरून बोगद्यांतून पाणी पोफळीकडे उतरवतात, ते जनित्रं फिरवतं, मग वाशिष्ठीतून चिपळूणवरून अरबी समुद्राला जातं. साडेएकोणीसशे मेगावॉटहून अधिक क्षमतेचा प्रकल्प त्यावर उभा आहे. मुलगा खडूच्या रेषेवर बोट फिरवत म्हणाला, "म्हंजे आमचं पाणी परत येत न्हाय." तिसरीतल्या दुसऱ्या मुलीनं लगेच सांगितलं, "पावसानं येतंय की." या दोघांचा वाद पाचेक मिनिटं चालला. सर मध्ये पडले नाहीत. बाष्पीभवन तिसरीतल्या मुलीनं स्वतःच्या शब्दांत सांगून टाकलं, समुद्रापासून ढगापर्यंत आणि ढगापासून या पत्र्यापर्यंत. मी माझ्या वर्गात हा धडा दरवर्षी तक्ता लावून शिकवते.

खिचडीचा वास आला तशी मुलं थाळ्या घेऊन बसली. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला शंभर ग्रॅम तांदूळ, हे शासनाचं प्रमाण. सातांचे सातशे ग्रॅम. स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी त्यात घरच्या पावट्याचे दाणे टाकले होते. "एवढ्याला पातेलं मोठं दिसतंय," मी म्हटलं. "आधी तीस पोरं व्हती बाई, तवाचं हाय," त्या म्हणाल्या. तिसांची सात कशी झाली ते त्यांनी एकेका घराचं नाव घेऊन सांगितलं. कुणी घणसोलीला, कुणी कोपरखैरणेला, कुणी वाशीच्या मार्केटात. जावळी, पाटण, महाबळेश्वरच्या या डोंगरांतल्या माणसांनी मुंबईच्या बाजारांत पिढ्यान्पिढ्या ओझी वाहिली. १९६९ चा माथाडी कायदा ज्या अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून आला तेही याच जिल्ह्यातले, पाटण तालुक्यातले. कायद्यानं मजुरी बांधून मिळाली, तिकडं घरं झाली, मग बायकामुलंही तिकडंच गेली. इथल्या पाण्यावर झालेली वीज मुंबईला गेली आणि मागोमाग माणसंही गेली. खोऱ्यातल्या वाड्यांत दिवा लागायला त्यानंतर कित्येक वर्षं जावी लागली. हे लिहिताना माझ्या मनात राग आहे आणि तो लपवायचं कारण मला दिसत नाही.

राहायला मी दुसरीतल्या मुलाच्या घरी होते. आजी आणि नातू, दोघंच. आईबाप नवी मुंबईत, शिमग्याला आणि यात्रेला येतात. आजींनी "बसा की वाईच, च्या घ्या" म्हणत चुलीजवळ पाट दिला. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप त्यांना लख्ख आठवतो. तेव्हा त्या लहान होत्या. भिंत आतल्या अंगाला पडली आणि दावणीची जनावरं ओरडत राहिली, असं सांगताना त्यांचा हात आपोआप नातवाच्या डोक्यावर गेला. या पट्ट्यात जमिनीचे हादरे आजही नोंदले जातात. म्हणून शाळेत सर मुलांकडून पडवीतून मोकळ्या जागेत धावण्याचा सराव करून घेतात. नातवाला मुंबईला का नाही पाठवलं, असं मी विचारलं. आजी म्हणाल्या, "तिकडं एका खोलीत सहा माणसं. आन् हितं शाळा हाय न्हवं? शाळा हाय तवर ऱ्हाईल." शाळा हाय तवर. सरांना हे वाक्य गावात जवळजवळ प्रत्येक घरात ऐकायला मिळतं.

लहान शाळेत सगळं गोडच आहे असं मला म्हणायचं नाही. दुसरीतल्या त्या मुलाला वर्गात सोबती नाही. कोडं सुटलं तर आधी कुणाला सुटलं ही चुरस त्याला माहीत नाही. सात जणांत कबड्डी होत नाही. ऑनलाइन माहिती भरायची तर सरांना डोंगरावर रेंजच्या जागी जाऊन बसावं लागतं, आणि तेवढा वेळ शाळा दुसऱ्या शिक्षकाच्या भरवशावर, तो असला तर. ती जागा बराच काळ रिकामी आहे. यावर सरांनी शेजारच्या दोन वाड्यांच्या शिक्षकांशी ठरवून महिन्यातून एक दिवस तिन्ही शाळा एकत्र भरवायला सुरुवात केली आहे. त्या दिवशी खेळ, गोष्टी आणि दुसरीच्या चार मुलांचा एक वर्ग. लाँचवाले मुलांकडून भाडं घेत नाहीत. मला विचाराल तर लहान शाळांच्या दुखण्यावर औषध आहे ते हे. मुलं अधूनमधून एकत्र आणायची आणि शाळा जागच्या जागी ठेवायच्या.

शासनाच्या मनात दुसरा विचार आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयानं २० पेक्षा कमी पटाच्या शाळांचं समूह शाळांमध्ये रूपांतर करण्याचे प्रस्ताव मागवले. अशा शाळा राज्यात १४,७८३ आणि त्यांत मुलं १,८५,४६७, म्हणजे शाळेमागे सरासरी बारा-तेरा. नंदुरबारमधलं तोरणमाळ आणि पुण्याजवळचं पानशेत ही उदाहरणं पुढं ठेवली होती. मोठी इमारत, प्रयोगशाळा, विषयवार शिक्षक, बसगाडी, हे सगळं चांगलंच आहे आणि जिथं रस्ता आहे तिथं ते जरूर व्हावं. पण बस इथं चालवणार कशावरून?

संध्याकाळी शाळा व्यवस्थापन समितीची बैठक होती, तिथं हाच विषय निघाला. देवळापुढच्या ओट्यावर नऊ-दहा माणसं, त्यांत बायका जास्त. अध्यक्षबाई पाचवी शिकलेल्या. सरांनी शिक्षण हक्क कायद्यातलं अंतर समजावून सांगितलं. आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत. समोरच्या काठावरची मोठी शाळा इथून दिसते. सकाळी तिची घंटासुद्धा ऐकू येते. नकाशावर पट्टी ठेवली तर अंतर किलोमीटरच्या आतबाहेर. पण मध्ये पाणी आहे. पायी जायचं तर जलाशयाच्या फाट्याला वळसा घालून, दोन ओढे ओलांडून रानातून जावं लागतं. सर आणि चौथीची मुलं ती वाट त्याच गाठी मारलेल्या दोरीनं मोजून आली होती. साडेपाच किलोमीटर. जुलै-ऑगस्टात ओढे भरले की तीही वाट बंद.

होडीनं जावं असं कुणी म्हणेल, आणि पोरं होडीनं गेलीही आहेत. याच जलाशयाकाठच्या, जावळी तालुक्यातल्या खिरखंडीच्या मुली स्वतः वल्ही मारत पाणी ओलांडत आणि पुढं जंगलातून चालत अंधारीच्या शाळेला जात. त्याची बातमी वाचून मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०२२ मध्ये स्वतःहून दखल घेतली होती. त्या मुलींच्या धीराचं कौतुक वर्तमानपत्रांत पुष्कळ झालं. पहिलीतल्या सहा वर्षांच्या मुलाकडून मात्र तो धीर कुणी मागू नये. तापोळ्याहून अहीरकडं पूल होतो आहे, त्याचा खोऱ्याला मोठा आधार होईल. पण एका पुलानं प्रत्येक वाडी समोरच्या काठाला जोडली जात नाही.

मला राहून राहून कर्मवीर भाऊराव पाटील आठवत होते. याच जिल्ह्यात, १९१९ साली काल्यात रयत शिक्षण संस्था सुरू झाली आणि पुढं शाळा नसलेल्या खेड्यापाड्यांत त्यांनी शेकडो व्हॉलंटरी शाळा काढल्या. शिक्षक गावात राहायचा, देवळात नाहीतर कुणाच्या ओसरीवर मुलांना बसवायचा. मुलं किती, हे आधी विचारलं जात नव्हतं. शाळा नाही एवढं कारण पुरेसं होतं.

बैठकीत एका बाबांनी सरळच विचारलं, "गुरुजी, पट अजून उतरला तर?" सरांनी वही काढली आणि आकडे वाचले. येत्या जूनला चौथीतली दोघं पाचवीला जाणार, मुलगी पाण्यापलीकडं वसतिगृहावर आणि मुलगा वडिलांकडं मुंबईला. अंगणवाडीतून पहिलीत दोघं येणार. म्हणजे सातच. धनगरवाड्यावर आणखी एक पाच वर्षांची मुलगी आहे, तिच्या आईशी बोलणं झालं आहे. घणसोलीचं एक कुटुंब भाडं परवडत नाही म्हणून परत यायच्या विचारात आहे, त्यांची दोन मुलं जूनला दुसरीत आणि चौथीत असतील. आली तर दहा. दुसरीतल्या मुलाच्या आजी मध्येच म्हणाल्या, "म्या सुनंला सांगते, दुसऱ्याबी नातवाला हितंच धाडा म्हून."

ठराव सर्वानुमते झाला. अध्यक्षबाईंनी तो स्वतःच्या हातानं लिहिला, सरांनी फक्त कलमांचे आकडे तपासले. शाळा आहे तिथंच चालू ठेवावी. अंतर हवाई न धरता पावसाळ्यातल्या पायवाटेचं धरावं. रिकामी असलेली शिक्षकाची जागा भरावी. तीन शाळांच्या एकत्र दिवसासाठी लाँचच्या डिझेलची तरतूद करावी. सोबत मुलांनी मोजलेल्या वाटेचा कागद जोडला. त्यावर ओढे कुठं लागतात, गवे कुठं दिसतात आणि चिखल कुठं असतो ते चौथीतल्या मुलीनं रंगीत पेन्सिलीनं दाखवलं होतं. खाली सातांच्या सह्या, त्यांत पहिलीतल्या दोघांची नुसती नावं, काना-मात्रा सांभाळून लिहिलेली. प्रत माझ्याही पिशवीत दिली, कारण सोमवारच्या लाँचनं मी परतणार होते आणि महाबळेश्वरच्या पंचायत समितीत ती देऊन पोच घ्यायचं काम मी मागून घेतलं होतं.